'अरियसच्च' : एका शब्दाचा अर्थ आणि उगम

आपल्या घरी गृहप्रवेश असो, नामकरण असो वा मंगल परिणय असो, त्रिसरण-पंचशील झाले की मंगलसुत्त म्हटले जाते. सुत्तनिपात आणि खुद्दकपाठ या दोन्ही ग्रंथांत आलेल्या या लहानशा सुत्तात अडतीस मंगले सांगितली आहेत. आपल्यापैकी पुष्कळांना ते तोंडपाठ आहे. लहान मुलेही खडखडीत म्हणतात. त्या सुत्ताच्या शेवटाकडच्या एका गाथेत 'अरियसच्चान' असा शब्द येतो आणि त्याच्या पाठोपाठ 'सच्छिकिरिया' असा दुसरा शब्द येतो. अरियसच्चांचे दर्शन हे एक मंगल आणि निब्बानाची सच्छिकिरिया हे दुसरे मंगल.

आमच्या रविवारच्या पालि वर्गात या गाथेपाशी आम्ही दोन रविवार अडलो. बारावीला पालि विषय घेतलेल्या एका विद्यार्थ्याने अर्थ लिहून आणला होता : 'आर्य सत्यांचे दर्शन व निर्वाणाचे सत्य करणे.' 'सच्च' आणि 'सच्छि' हे एकच, असे त्याने धरले होते. त्याची वही आम्ही तपासत होतो, तेवढ्यात नातवाला सोडायला येणाऱ्या आणि मग स्वतःच मागच्या सतरंजीवर बसून ऐकणाऱ्या एका वयोवृद्ध उपासिकेने विचारले, "गुरुजी, आर्य म्हणजे ते बाहेरून आलेले, आपल्याला खाली दाबणारे, असंच आम्ही भाषणांत ऐकत आलो. मग त्यांचं सत्य आपण आपल्या घरच्या मंगलाला कशाला म्हणायचं?"

वर्ग शांत झाला. प्रश्न साधा होता, पण उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नव्हते. त्या दोन रविवारी जे बोलणे झाले ते थोडे व्यवस्थित मांडून या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवत आहोत.

प्रथम 'सच्च' हा शब्द पाहू. संस्कृतातील 'सत्य' तेच पालीतील 'सच्च'. संस्कृत जोडाक्षर 'त्य' पालीत 'च्च' होते, हा नियम विद्यार्थ्यांनी एकदा लक्षात ठेवला की पुष्कळ शब्द आपोआप उलगडतात. अनित्य - अनिच्च, मृत्यु - मच्चु, अमात्य - अमच्च, प्रत्यय - पच्चय. मराठीला हे परके नाही. नृत्य - नच्च - नाच, तसेच सत्य - सच्च - साच. ज्ञानेश्वरीत 'साच' हा शब्द ठिकठिकाणी भेटतो. आज आपण 'खरे' म्हणतो, 'साच' मागे पडला, पण तो आपल्या भाषेच्या घरातलाच आहे. हस्त - हत्थ - हात, सप्त - सत्त - सात, अद्य - अज्ज - आज, कर्म - कम्म - काम, याच वाटेने तो आला. पालि ही आपल्याला कोठून तरी दुरून आणावी लागणारी भाषा आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी ही यादी घरी बसून वाढवावी. पंधरा मिनिटांत पान भरते.

सम्राट अशोकाच्या शिलालेखांतही हा शब्द आहे. सत्य बोलावे असे कर्नाटकातील ब्रह्मगिरीच्या लेखात सांगितले आहे, तर स्तंभलेखात धम्म म्हणजे काय ते सांगताना दया, दान, शुचिता यांच्याबरोबर सत्याची गणना केली आहे. ब्राह्मी लिपीत तेव्हा द्वित्त लिहिण्याची पद्धत नव्हती, म्हणून दगडावर 'सच्च' ऐवजी एकेरी 'सच' दिसते. (येथे एक गैरसमज दूर करून टाकू. आपल्या राष्ट्रीय बोधचिन्हातील सिंह सारनाथच्या अशोकस्तंभावरचे आहेत, पण त्याखालचे सत्याविषयीचे ब्रीदवाक्य बुद्धवचन नाही. ते मुंडक उपनिषदातले आहे. आपल्या काही वक्त्यांकडून या बाबतीत गफलत होते.)

आता अर्थ. 'सत्य' हा शब्द 'सत्' पासून झाला आणि 'सत्' हा 'अस्' म्हणजे 'असणे' या धातूपासून. म्हणजे जे आहे ते सत्, आणि जे आहे त्याला धरून असते ते सत्य. आपण आज 'सत्य' म्हटले की आपल्या मनात प्रथम 'बोलणे' येते. हा खरे बोलला, तो खोटे बोलला. परंतु शब्दाच्या मुळात बोलणे नाही, असणे आहे. प्रथम वस्तुस्थिती आणि मग तिच्याशी जुळणारे बोलणे. हा फरक बारीक वाटेल, पण अरियसच्च समजण्याची किल्ली येथेच आहे. तथागतांनी सारनाथला पाच परिव्राजकांपुढे जे चार सांगितले, ते दुक्ख, त्याचा समुदय, त्याचा निरोध आणि निरोधाकडे नेणारा मार्ग असे आहेत. ही चार विधाने नव्हेत. या चार वस्तुस्थिती आहेत. पोटात दुखत असते ते काही 'मत' नसते, ते दुखणे असते. कोणी त्यावर वादविवाद जिंकला म्हणून ते थांबत नाही.

हेच आणखी स्पष्ट करणारे तीन शब्द संयुत्तनिकायात आहेत. त्या निकायाचा शेवटचा, छप्पन्नावा विभाग म्हणजे सच्चसंयुत्त. तो सगळाच्या सगळा या विषयावर आहे. त्यात या चारांना तथ, अवितथ आणि अनञ्ञथ असे म्हटले आहे. 'तथा' म्हणजे तसे. जे तसेच आहे ते 'तथ'. 'वितथ' म्हणजे तसे नसलेले, खोटे. ते नव्हे ते 'अवितथ'. 'अञ्ञथा' म्हणजे अन्यथा, वेगळ्या तऱ्हेने. जे वेगळ्या तऱ्हेने होऊ शकत नाही ते 'अनञ्ञथ'. नाकारता न येणारे सत्य, असे ज्याला आपण आज म्हणतो, त्याला पालीत याहून नेमका शब्द आम्हाला सापडलेला नाही. मराठीतील 'तथ्य' याच 'तथा' पासून झाला. "त्याच्या बोलण्यात तथ्य आहे" असे आपण सहज म्हणतो. तथ्याचे पालि रूप 'तच्छ', जसे मिथ्याचे 'मिच्छा'. 'तथागत' या शब्दातही हेच 'तथा' आहे.

त्याच विभागात असेही सांगितले आहे की, कोणी श्रमण किंवा ब्राह्मण येऊन म्हणेल की, गौतमाने सांगितलेले हे दुःख दुःखच नव्हे, ते बाजूला सारून मी दुसरेच पहिले सत्य सांगतो, तर ते संभवत नाही. याचा अर्थ प्रश्न विचारू नका असा नव्हे. दुःख सोसणाऱ्या माणसाला "तुला दुःखच नाही" असे सांगून ते नाहीसे करता येत नाही, असा त्याचा अर्थ आहे. आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. दुःख आहे हेच नाकारणारे, ते पूर्वजन्मीचे फळ म्हणून गप्प बसा असे सांगणारे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकले आहेत.

आता विद्यार्थ्याच्या वहीकडे येतो. 'सच्छिकिरिया' यातील 'सच्छि' हा 'सत्य' पासून झालेला नाही. तो 'साक्षात्' पासून आला आहे, आणि 'साक्षात्' मध्ये 'अक्ष' म्हणजे डोळा आहे. साक्ष, साक्षीदार हे आपले कोर्टातले शब्द याच घराण्यातले. सच्छिकिरिया म्हणजे साक्षात्कार, आपल्या डोळ्यांनी पाहणे. 'च्च' आणि 'च्छ' यांत एका श्वासाचा फरक, पण शब्द निरनिराळे. मात्र विद्यार्थ्याने चूक केली तरी ती अगदीच वाया गेली नाही. कारण धम्मचक्कप्पवत्तन सुत्तात चार सत्यांपैकी प्रत्येकाबरोबर एक काम सांगितले आहे. दुःख पूर्ण जाणायचे, समुदय टाकून द्यायचा, निरोध 'सच्छि' करायचा म्हणजे प्रत्यक्ष पाहायचा आणि मार्ग वाढवायचा, भावित करायचा. 'सच्च' आणि 'सच्छि' तेथे एकमेकांच्या शेजारी उभे आहेत. भूमितीतील स्वयंसिद्ध तत्त्वे आपण सिद्धतेशिवाय गृहीत धरतो आणि पुढे जातो. अरियसच्च तसे गृहीत धरून चालत नाही. ते पाहावे लागते आणि पाहिल्यावर काहीतरी करावे लागते.

'अरिय' म्हणजे कोण?

मागच्या सतरंजीवरून आलेला प्रश्न या शब्दाचा होता. संस्कृत 'आर्य' चे पालीत 'अरिय' होते. सूर्य - सुरिय, भार्या - भरिया, आचार्य - आचरिय, तसेच हे. प्राकृतात याच शब्दाचे 'अज्ज' झाले. 'आर्यक' म्हणजे आदरणीय वडीलधारा, त्याचे प्राकृत रूप होऊन मराठीत 'आजा' आला आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप 'आजी'. हे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा मुले त्या उपासिकेकडे वळून पाहू लागली आणि हसू लागली. त्याही हसल्या. म्हणाल्या, "म्हंजे मी घरातली आर्य!" शब्दाच्या हिशेबाने त्यांचे बरोबर होते.

परंतु हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नव्हता. 'आर्य' हा शब्द या देशात माणसामाणसांत भेद करण्यासाठी वापरला गेला, ही गोष्ट खोटी नाही. मज्झिमनिकायातील अस्सलायन सुत्तात खुद्द भगवानांच्या तोंडी असा उल्लेख आहे की, योन आणि कंबोज या सीमेपलीकडील देशांत दोनच वर्ण आहेत, अरिय आणि दास. आणि तेथे अरियाचा दास होतो व दासाचा अरिय होतो. येथे 'अरिय' म्हणजे मालक, स्वतंत्र माणूस. मग एकोणिसाव्या शतकात युरोपीय पंडितांनी भाषांच्या नात्यावरून 'आर्य वंश' अशी कल्पना रचली आणि शब्दाला रक्ताचा वास आला. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात या वंशसिद्धांताची तपासणी करून तो टिकत नाही असे दाखविले आहे. ज्यांनी ते प्रकरण वाचले नाही त्यांनी या विषयावर व्यासपीठावरून बोलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तथागतांनी या शब्दाचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी तो टाकला नाही, त्याचा धनी बदलला. धम्मपदाच्या अट्ठकथेत एका कोळ्याची हकीकत आहे. श्रावस्तीच्या वेशीजवळ तो गळ टाकून मासे धरीत होता. भगवान भिक्षुसंघासह तेथून जात असता त्यांनी भिक्षूंना एकेकाचे नाव विचारले आणि शेवटी कोळ्यालाही विचारले. तो म्हणाला, माझे नाव अरिय. त्यावर भगवानांनी सांगितले की, प्राण्यांची हिंसा करणारा अरिय होत नाही, कोणाचीही हिंसा न करणारा तो अरिय. नाव, कूळ, वर्ण यांतून शब्द काढला आणि आचरणात बसविला. 'ब्राह्मण' शब्दाचेही त्यांनी तेच केले, हे धम्मपदाचा शेवटचा वग्ग वाचणाऱ्याला ठाऊक आहे.

याहून मोठी साक्ष अंगुलिमालाची आहे. ती कथा आपण मुलांना सांगतो, पण बोटांची माळ आणि 'मी थांबलो आहे, तू थांब' एवढ्यावर बहुधा संपवतो. मज्झिमनिकायातील सुत्तात कथा पुढे आहे. भिक्षू झालेला अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेसाठी फिरत असताना त्याने एक अडलेली बाई पाहिली. बाळंतपणाच्या वेदनांनी ती तळमळत होती. माणसे मारणाऱ्या त्या माणसाच्या मनात आले, प्राणी किती क्लेश भोगतात! तो परत येऊन भगवानांना म्हणाला. भगवानांनी सांगितले, जा आणि त्या बाईला असे म्हण की, जन्माला आल्यापासून मी जाणूनबुजून कोणाचा जीव घेतलेला नाही. या सत्याने तुझे व तुझ्या गर्भाचे कल्याण होवो. अंगुलिमाल म्हणाला, भन्ते, हे तर मी जाणूनबुजून बोललेले खोटे होईल. मी पुष्कळ जीव घेतले आहेत. तेव्हा भगवान म्हणाले, तर मग असे म्हण की, 'अरिय' जातीत, अरिय जन्मात जन्मलो तेव्हापासून घेतलेला नाही. तो गेला, तसे बोलला आणि त्या मातेची सुटका झाली.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. आपल्या लेखाचे दोन्ही शब्द या एका प्रसंगात एकत्र आले आहेत. 'सच्च' आहे, कारण सत्य उच्चारून त्याच्या बळावर कल्याण इच्छिणे याला 'सच्चकिरिया' म्हणतात आणि अंगुलिमालाने खोट्या शब्दांवर ती करण्यास नकार दिला. पुण्य मिळत असतानाही नकार दिला. आणि 'अरिय' आहे, पण हा अरिय जन्म आईच्या पोटातला नाही, माणूस बदलला त्या दिवसाचा आहे. श्रीलंकेत गरोदर स्त्रियांसाठी आजही अंगुलिमाल परित्त म्हटले जाते. शब्द उच्चारल्याने बाळंतपण सुखरूप होते असे आम्ही सांगणार नाही. त्यासाठी दवाखाना आहे. परंतु ज्या हातांनी माणसे मारली, त्या हातांच्या माणसाला ज्या शब्दात जागा मिळाली, तो शब्द कोणा एका वंशाचा कसा असेल?

मग 'अरियसच्च' या समासाचा विग्रह कसा करावा? पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' ग्रंथाच्या सोळाव्या प्रकरणात चार अर्थ दिले आहेत. अरिय जन ज्यांचा वेध घेतात ती सत्ये. अरियाची, म्हणजे तथागतांची सत्ये. ज्यांचा बोध झाल्याने माणूस अरिय होतो ती सत्ये. आणि स्वतःच अरिय, म्हणजे न फसविणारी, अवितथ सत्ये. शाळेच्या पुस्तकात फक्त 'श्रेष्ठ सत्य' असा अर्थ असतो, तो या चौथ्याच्या जवळपास जाणारा पण त्याहून पोकळ आहे. तिबेटी भाषांतरकारांनी षष्ठी वापरून 'अरियांचे सत्य' असा अर्थ घेतला. आम्हाला तिसरा अर्थ सर्वांत मोलाचा वाटतो. हा विसुद्धिमग्ग नागरी लिपीत संपादित करून १९४० साली आपल्यापुढे ठेवणारे धर्मानंद कोसंबी हे गोव्याच्या साखवाळचे. त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथमालेसाठी केलेली आवृत्ती त्यांच्या निधनानंतर १९५० मध्ये निघाली. घर सोडून, भाषा ठाऊक नसताना श्रीलंकेत जाऊन त्यांनी पालि शिकली. आज आपल्याला रविवारी दोन तास काढणे जड जाते!

बाबासाहेबांचा प्रश्न

येथवर आल्यावर एक गोष्ट टाळता येणार नाही. काही उपासक म्हणतात, बाबासाहेबांनी चार आर्यसत्ये नाकारली, मग त्यांचा अभ्यास कशाला? दुसरे म्हणतात, त्यांनी नाकारली नाहीत, तो विषयच काढू नका. आमच्या मते दोघांनीही मूळ पान उघडलेले नसते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी चार प्रश्न मांडले आहेत. पहिला सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा, तिसरा आत्मा, कर्म व पुनर्जन्म यांचा, चौथा भिक्षूचा. दुसरा प्रश्न आर्यसत्यांचा आहे. ही बुद्धाच्या मूळ शिकवणीचा भाग आहेत की भिक्षूंनी मागाहून घातलेली भर आहे, असे ते विचारतात. जीवन दुःख, मरण दुःख, पुन्हा जन्म दुःख असे असेल तर माणसाला आशा उरत नाही आणि धम्म निराशावादी ठरतो, अबौद्धांना धम्म स्वीकारण्यात ही मोठी अडचण होते, हा त्यांचा आक्षेप आहे.

पण ग्रंथ प्रस्तावनेपाशी संपत नाही. पहिल्या प्रवचनाच्या भागात बाबासाहेबांनी पंचशील, अष्टांगिक मार्ग व पारमिता यांची मांडणी केली आहे, आणि दुःखाच्या अस्तित्वाला मान्यता व त्या दुःखाचे निवारण हा धम्माचा पाया म्हणून ठेवला आहे. परिव्राजकांनी निराशेची शंका काढल्यावर तथागत त्यांना निवारणाच्या अर्ध्या भागाची आठवण करून देतात. पुढे २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेतील भाषणात तर बाबासाहेबांनी बौद्ध साहित्यात 'दुःख' हा शब्द दारिद्र्याच्या अर्थानेही येतो याकडे लक्ष वेधले. तेव्हा त्यांनी दुःख आणि त्याचे निवारण फेकून दिले असे म्हणता येत नाही. भुकेल्या माणसाला 'सारे जीवनच दुःख' असे सांगून झोपविणारी मांडणी त्यांनी नाकारली.

शब्दाच्या बाजूनेही त्यांचा प्रश्न अनाठायी नव्हता. केंब्रिजचे पालिपंडित के. आर. नॉर्मन यांनी १९८२ च्या एका लेखात पहिल्या प्रवचनातील व्याकरण तपासले. 'समुदय' आणि 'निरोध' हे पुल्लिंगी शब्द, पण 'अरियसच्चं' या नपुंसकलिंगी शब्दाशेजारी ते 'समुदयं', 'निरोधं' असे येतात. ही व अशी चिन्हे पाहून त्यांचा निष्कर्ष असा की, या वाक्यांत 'अरियसच्च' हा शब्द पुढे घातलेला असावा, आधीच्या रूपात तो नसावा. तिपिटकात पुष्कळ ठिकाणी हे दुःख, हा समुदय, एवढेच येते आणि अरियसच्च हा शब्द येत नाही, हे कोणालाही पाहता येईल. अर्थात नॉर्मन शब्दयोजनेविषयी बोलत होते, बाबासाहेब आशयाविषयी. दोघांचे म्हणणे एकच होते असे दाखविण्याचा मोह आम्हाला झाला होता, पण ते खरे होणार नाही. एवढेच म्हणू की, मूळ काय आणि मागाहूनचे काय, हा प्रश्न विचारणे म्हणजे धम्मद्रोह नव्हे, हे दोन्हीकडून दिसते.

'जीवन दुःखमय आहे' हे वाक्य, जे आपल्या भाषणांत पहिले आर्यसत्य म्हणून येते, ते त्या रूपात पहिल्या प्रवचनात नाही, हेही सांगितले पाहिजे. तेथे जन्म, जरा, मरण, नकोशांचा संयोग, प्रियांचा वियोग, इच्छिलेले न मिळणे अशी दुःखे मोजून दाखविली आहेत आणि थोडक्यात पाच उपादानस्कंध म्हटले आहेत. जन्म व मरण त्या यादीत आहेत, म्हणून बाबासाहेबांचा आक्षेप संपत नाही. पण दुःख कोठे आहे ते दाखविणे वेगळे आणि सारे जगणेच वाईट म्हणणे वेगळे. वैद्य रोगाचे नाव सांगतो तेव्हा तो रोग्याला शिव्या देत नसतो.

आता शेवटची गोष्ट, आणि ती विद्यार्थ्यांसाठी आहे. मज्झिमनिकायात चंकी नावाचे सुत्त आहे. कोसल देशातील ओपासाद गावी चंकी ब्राह्मण व इतर वृद्ध ब्राह्मण भगवानांशी बोलत बसले होते. त्यांच्यात कापटिक नावाचा सोळा वर्षांचा एक मुलगा होता. तो मोठ्यांच्या बोलण्यात मधेमधे तोंड घालू लागला. भगवानांनी त्याला आधी वृद्धांचे बोलणे पुरे होऊ दे असे सांगितले, पण नंतर त्याला बोलू दिले. त्याने विचारले की, आमच्या पुरातन मंत्रांच्या आधारे ब्राह्मण 'हेच सत्य, बाकी सारे फोल' असे ठाम म्हणतात, त्यावर आपले म्हणणे काय? भगवानांनी उलट विचारले, त्यांच्यात असा कोणी एक तरी आहे काय जो म्हणतो, हे मी जाणतो, हे मी पाहतो? सात पिढ्यांत? मंत्र रचणाऱ्या ऋषींत? मुलगा म्हणाला, नाही. तर मग ही आंधळ्यांची माळ झाली, पुढच्याला दिसत नाही, मधल्याला दिसत नाही, मागच्याला दिसत नाही.

त्यानंतर जे आले ते आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. श्रद्धा, आवड, परंपरा, तर्क आणि मनाला पटलेले मत, या पाचांच्या बळावर जे धरले ते खरेही निघू शकते आणि खोटेही निघू शकते. म्हणून ज्याला सत्याचे रक्षण करायचे आहे त्याने 'ही माझी श्रद्धा आहे' एवढेच म्हणावे, 'हेच सत्य, बाकी फोल' असे म्हणू नये. याला शब्द आहे 'सच्चानुरक्खणा', सत्याचे जतन. त्यापुढे सत्याचा बोध आणि त्याही पुढे सत्याची प्राप्ती, अशा पायऱ्या सांगितल्या आहेत. ज्यांनी चार वस्तुस्थितींना अनञ्ञथ म्हटले, त्यांनीच आपल्या श्रद्धेला 'हेच एक सत्य' म्हणू नका असे सांगितले. यात विसंगती नाही. जे स्वतः पाहिले ते नाकारता येत नाही, आणि जे पाहिले नाही ते पाहिल्यासारखे सांगता येत नाही. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन केलेल्या समाजाच्या नावात 'सत्यधारक' नव्हे तर 'सत्यशोधक' असा शब्द घातला, याची येथे आठवण होते. त्यांना चंकी सुत्त ठाऊक होते असे मुळीच म्हणायचे नाही. परंतु बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना एका ओळीत गुरू का मानले, याचा थोडा उलगडा तेथे होतो.

त्या उपासिका वर्गाला अजून येतात. मंगलसुत्त म्हणताना कोणी घाईत 'अरियसचान' म्हटले की त्या थांबवतात आणि 'च्च' नीट म्हणायला लावतात. 'सच्छि' मात्र त्यांना अजून जमत नाही, कवळीमुळे, असे त्या म्हणतात.

येत्या वर्षावासात रविवारच्या वर्गात चंकी सुत्त मुळातून वाचायला घेणार आहोत. बाबासाहेबांनी तयार केलेले पालि व्याकरण आणि शब्दकोश महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात छापले आहेत. तो खंड संस्थेच्या कपाटात आहे, वर्गात बसून पाहता येईल. येणाऱ्यांनी दोनशे पानी वही आणावी आणि पहिल्या पानावर 'त्य' चा 'च्च' होतो असे दहा शब्द स्वतः शोधून लिहून आणावेत.